सपाटीच्या पोटात

वऱ्हाडच्या मैदानाबद्दल एक समज पक्का होऊन बसला आहे: तिथं पाहण्यासारखं काही नाही. बडनेऱ्याला गाडीत चढलेला प्रवासी मूर्तिजापूर यायच्या आत डोळे मिटतो. चिखलदऱ्याला निघालेली कुटुंबं हे मैदान कधी संपतं आणि घाट कधी लागतो याची वाट पाहत असतात. राष्ट्रीय महामार्गावरून जाणाऱ्याला तर डावीउजवीकडे बघायलाही सवड नसते. याच अमरावती-अकोला महामार्गावर, लोणी ते माना या टप्प्यात, जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर डांबरीकरण झालं आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. पाच दिवसही लागले नाहीत. मैदान सपाट असल्याचा हा मोठाच फायदा.

पण ही सपाटी आली कुठून? हा प्रश्न मोटारीत सुचत नाही. तो सुचतो सायकलवर, आणि त्यातही शरदात, जेव्हा पाऊस परतलेला असतो, रस्त्याकडेचा चिखल वाळलेला असतो आणि थंडीला अजून अवकाश असतो. महामार्ग सोडून उत्तरेचा वाकडा रस्ता धरायचा: अमरावती, वलगाव, खोलापूर, दर्यापूर, मग अकोट, आणि तिथून दक्षिणेला वळून चोहट्टा बाजार, गांधीग्राम, अकोला. सवड ठेवून दोन दिवस. मुक्काम अकोटला. या रस्त्याचं सगळं नवल जमिनीच्या पोटात आहे आणि ते कळायला वेग कमीच हवा.

सायकलचा वेग त्याला नेमका पुरतो. ऑक्सफर्डच्या एस. एस. विल्सन यांनी १९७३ साली माणूस, प्राणी, पक्षी आणि यंत्रं यांचा हिशेब मांडून दाखवला होता की एक किलो वजन एक किलोमीटर न्यायला सगळ्यांत कमी ऊर्जा लागते ती सायकलवरच्या माणसाला. पायी चालणाऱ्या माणसाचा नंबर त्या यादीत घोड्याच्याही मागं आहे. तोच माणूस दोन चाकांवर बसला की घोडा, कबूतर, विमान या सगळ्यांच्या पुढं जातो. म्हणूनच पहाटे या रस्त्यावर आधी भेटतात त्या शाळेच्या मुली, मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवर, दोघी-तिघींच्या रांगेत, गप्पा न थांबवता. दप्तर कॅरिअरला, ओढणी खांद्यावरून मागं बांधलेली. चार-पाच किलोमीटर त्यांना काहीच वाटत नाही.

निघायची दिशाही विचारपूर्वक निवडलेली आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात मोसमी वारे विदर्भातून मागं सरतात. चार महिने नैर्ऋत्येकडून येणारा वारा मंदावतो आणि उत्तर-पूर्वेकडून हलका, कोरडा वारा सुरू होतो. अमरावतीहून अकोल्याकडे म्हणजे पश्चिमेकडे जाणाऱ्याच्या तो पाठीशी येतो. जमिनीचा कलही त्याच बाजूला आहे. अमरावती समुद्रसपाटीपासून साधारण ३४० मीटरवर, अकोला साधारण २८० मीटरवर. एवढ्या लांबच्या रस्त्यात जमीन जेमतेम साठ मीटर उतरते. हा उतार डोळ्यांना दिसत नाही, पायांनाही कळत नाही. पाण्याला मात्र अचूक कळतो.

आणि पाण्याचा निवाडा अमरावतीजवळच होतो. शहराच्या पूर्वेला पोहरा-चिरोडीची टेकाडं आहेत. त्यांच्या पलीकडे पडलेला पाऊस वर्धा नदीत जातो, तिथून गोदावरीत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. अलीकडे पडलेला पाऊस अंबा नाल्यातून पेढीत, पेढीतून पूर्णेत, पूर्णेतून तापीत आणि सुरतेजवळ अरबी समुद्रात. एकाच ढगातले दोन थेंब, आणि त्यांच्यामध्ये अख्खा भारत.

वलगावला पेढी लागते. याच नदीकाठी, अमरावतीकडे येताना, २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. त्यांचा जन्मही इथून फार दूर नाही, अंजनगावजवळच्या शेंडगावचा, १८७६ सालचा. या मैदानातली गावं त्यांनी खराटा हातात घेऊन पायी पालथी घातली. पेढीच्या पुलावर सायकल उभी करून थोडं थांबायला हवंच.

वलगाव मागं पडलं की उजवीकडे, दूर उत्तरेला, एक निळी रेघ दिसू लागते. तो सातपुडा. शरदात ती रेघ जशी स्वच्छ दिसते तशी वर्षात पुन्हा क्वचितच, कारण पावसानं हवेतली धूळ धुऊन काढलेली असते आणि मळणीचा भुसा व शेतं जाळल्याचा धूर अजून हवेत भरलेला नसतो. निळेपणा मात्र डोंगराचा नव्हे. आपल्या आणि डोंगराच्या मधली तीस-चाळीस किलोमीटर हवा सूर्यप्रकाशातला निळा भाग विखरून आपल्याकडे पाठवते. आकाश निळं दिसतं त्याचंही कारण हेच.

त्या रेघेचा आकार नीट पाहा. टेकड्या, मग डोंगर, मग शिखरं अशी चढती भाजणी तिथं नाही. मैदान सरळ जातं आणि एकाएकी भिंत उभी राहते. मेळघाटातलं वैराट ११७८ मीटर उंच, पायथ्याचं मैदान तीनशे-साडेतीनशे मीटर. आठशे मीटरांची ही भिंत झिजून तयार झालेली नाही. तिथं जमीन तुटली आहे. भूवैज्ञानिक तिला गाविलगड प्रस्तरभंग म्हणतात. त्या भेगेच्या उत्तरेचा भाग वर राहिला आणि दक्षिणेचा खाली खचला. तापी आणि पूर्णा वाहतात त्या या खचलेल्या पट्ट्यातून. गोदावरी, भीमा, कृष्णा सगळ्या पूर्वेकडे निघालेल्या असताना पूर्णा उलट्या दिशेनं चांगदेवला तापीकडे का जाते, याचं उत्तर त्या निळ्या रेघेत आहे. नदीनं वाट कोरली नाही. तिला ती तयार मिळाली.

मग खचलेली दरी दिसत का नाही? कारण पूर्णेनं आणि तिच्या उपनद्यांनी ती भरून टाकली. लक्षावधी वर्षं सातपुड्यातून आणि दक्षिणेच्या अजिंठा डोंगररांगेतून आलेला गाळ इथं थरावर थर बसत गेला. पूर्णेच्या खोऱ्याच्या मध्यावर विंधन घेतलं तर खाली शेकडो फूट नुसता गाळ लागतो: चिकणमाती, रेती, पुन्हा चिकणमाती. काळा पाषाण त्याच्याही खाली. वऱ्हाडची सपाटी म्हणजे काठोकाठ भरलेली दरी आहे. आपण सायकल चालवतो ती तिच्या तोंडावरून.

हे एकदा कळलं की खोलापूर-दर्यापूरच्या रस्त्यावर एक साधी गोष्ट लक्षात येते: इथं दगड नाही. शेताच्या धुऱ्यावर दगडांचे ढीग नाहीत, दगडी कुंपणं नाहीत, भिरकावायला धड एक धोंडा सापडत नाही. मातीत सापडतात ते फार तर चुनखडीचे खडे. म्हणून इथली जुनी घरं मातीची, वर धाबं. म्हणून गावोगावच्या गढ्याही पांढऱ्या मातीच्या, पावसानं झिजून आता उंचवट्यासारख्या उरलेल्या. गावठाणाला पांढरी आणि शेतीला काळी म्हणायची रीत आहे, आणि या दोन मातींवर इथला सगळा संसार उभा आहे. अशा मुलखात दर्यापूर तालुक्यात पूर्णेकाठी लासूरला आनंदेश्वराचं हेमाडपंती मंदिर आहे, यादवकाळातलं, घडीव काळ्या पाषाणाचं. रस्ता थोडा वाकडा करावा लागतो, पण जावं. कोरीव खांब सुंदर आहेतच. मी मात्र तिथं प्रत्येक वेळी दगडांकडेच पाहत राहतो. आसपास खडक नसताना एवढे पाषाण गाड्यांवर लादून, नाल्यांतून ओढून कुणी आणले असतील? बैलांनी किती दिवस ओढले असतील?

आता पायाखालच्या मातीबद्दल. शाळेत आपण ‘काळी कसदार’ असं घोकलेलं असतं आणि तिथंच थांबतो. ही माती जिवंत असल्यासारखी हलते, हे शाळेत कुणी सांगत नाही.

साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे पूर पसरले आणि त्यांचा काळा पाषाण झाला. तो कुजून जी चिकणमाती होते तिचे कण अतिशय पातळ पापुद्र्यांचे असतात, वहीची पानं एकावर एक असावीत तसे. पाणी या पानांच्या मध्ये शिरतं आणि वही फुगते. पाणी गेलं की आक्रसते. उन्हाळ्यात म्हणून वावराला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, कुठंकुठं कमरेइतक्या खोल. वरची भुसभुशीत माती वाऱ्यानं, जनावरांच्या पायांनी त्या भेगांत पडते. मृगाचा पाऊस आला की सगळं फुगतं, पण आत पडलेल्या मातीमुळं आता जागा पुरत नाही. मग खालची माती दाबली जाते, तिरकी सरकते, वर येऊ पाहते. दरवर्षी थोडी थोडी. शेकडो वर्षांत वरची माती खाली आणि खालची वर होत राहते. काळी जमीन स्वतःलाच नांगरते.

सायकलवाल्याला याचा पुरावा वेगळा शोधावा लागत नाही. आतल्या रस्त्यांवर डांबराला लाटा आलेल्या असतात, कडेनं लांब चिरा गेलेल्या असतात. रस्ता करणाऱ्याचा हात आखडला असेल तर तेही कारण असतं, पण मुरमाची जाड भर दिली तरी खालची माती दर पावसाळ्यात उचलते आणि दर उन्हाळ्यात बसते. वऱ्हाडात घराच्या भिंतींना तडे जातात तेही यानंच.

आणि याच मातीमुळं शरदात इथं एक विलक्षण गोष्ट घडते. पाऊस गेला, पाट नाही, विहीर नाही, तरी कास्तकार हरभरा पेरतो. सोयाबीनची सोंगणी होते, मळणी होते आणि त्याच वावरात तिफण चालू लागते. पानापानांत साठवलेलं पावसाळ्याचं पाणी ही माती हळूहळू सोडते, आणि त्यावर हरभरा फुलावर येतो, घाट्यावर येतो. पहाटेचं दव आणि पोटातली ओल, एवढ्या भांडवलावर.

दर्यापूरच्या अलीकडे-पलीकडे, दसऱ्यानंतर, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पऱ्हाटी पांढरी व्हायला लागलेली असते. इथं सायकल धुऱ्याला टेकवून पांदणीत उतरावं आणि एकाच झाडाकडे पाहावं. वरच्या फांद्यांवर पात्या, म्हणजे कळ्या. त्याखाली दुधाळ पांढरं फूल, तेही आज सकाळीच उमललेलं. त्याच्या जवळ गुलाबी फूल: ते काल पांढरं होतं. अमेरिकन जातीच्या कापसाचं फूल एक दिवस पांढरं असतं, परागण झालं की रात्रीत रंग बदलतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होऊन गळायला लागतं. त्याखाली हिरवी बोंडं. आणि सगळ्यांत खाली, सगळ्यांत जुनी, उकललेली बोंडं. एका झाडावर दोन महिन्यांची गोष्ट खालून वर वाचता येते.

आता उकललेल्या बोंडातली एक सरकी बोटांत धरा आणि तिचा एक तंतू ओढून काढा. हा तंतू एक पेशी आहे. एकच. सरकीच्या सालीवरची एक पेशी फूल उमलतं त्या दिवशी फुगायला लागते आणि दोन-अडीच आठवडे फक्त लांब होत राहते, दिवसाला मिलिमीटर-दोन मिलिमीटर. जाडीच्या हजार-दीड हजार पट लांबी झाली की थांबते. एका सरकीवर अशा दहा-पंधरा हजार पेशी. मग त्या आतून भरायला लागतात. तीन-चार आठवडे सेल्युलोजचा थरावर थर आतल्या बाजूनं चढतो.

इजिप्तमध्ये कापसावर काम करणाऱ्या लॉरेन्स बॉल्स यांनी १९१९ साली दाखवून दिलं की हे थर दिवसागणिक चढतात. दिवसाचं ऊन आणि रात्रीचा गारवा यांच्या फरकानं प्रत्येक दिवसाचं वेगळं कडं तंतूच्या भिंतीत उमटतं. झाडाच्या खोडात वर्षांची कडी असतात तशी इथं दिवसांची, आणि तीही केसाहून कितीतरी बारीक तंतूत. वऱ्हाडच्या ऑक्टोबरात दुपारी घाम काढणारं ऊन आणि पहाटे पांघरूण ओढायला लावणारा गारवा असतो. हा चढउतार त्या बोंडांमध्ये मिटल्या मिटल्या नोंदला जात असतो. आपल्या अंगातल्या सुती सदऱ्यात अशा कुठल्यातरी शेतातल्या दिवसरात्री विणलेल्या आहेत. हे वाचल्यापासून मला सूत हातात घेताना वेगळं वाटतं.

बोंड सुकून उकललं की पेशीतलं पाणी उडून जातं, नळी चपटी होते आणि चपटी होताना स्वतःभोवती पीळ घेते. कधी उजवा, कधी डावा, एकाच तंतूत अनेकदा. हे पीळ एकमेकांत अडकतात म्हणून कापसाचं सूत निघतं. शेवरीचा कापूस याहून मऊ आणि चमकदार असतो, पण त्याच्या तंतूला असा पीळ नाही. तो गादी-उशीतच राहिला.

पहिल्या वेचणीला इकडे सीतादही म्हणतात. वावराच्या कोपऱ्यात दहीभाताचा नैवेद्य ठेवायचा, पूजा करायची आणि मगच ओटीला हात लावायचा. वेचणाऱ्या बाया कमरेला ओटी बांधून तासातासानं पुढं सरकतात, दोन्ही हातांनी, वाळलेल्या पाकळ्यांची टोकं नखांत घुसत असताना. रस्त्यावर सायकलवाला दिसला की हात न थांबवता विचारतात, “कुठी चालले भाऊ?” अकोल्याले म्हटलं की हसतात. “एवढ्या दूर? अन् गाडी काऊन नाही घेतली?” उत्तर द्यायचा प्रयत्न करावा. त्या ऐकून घेतात, आणि पाणी लागेल का विचारतात.

आज वावरात दिसतो तो बहुतेक सगळा अमेरिकन कापूस, आणि २००२ नंतर त्यातही बीटी. शंभर वर्षांपूर्वी इथं देशी कापूस होता. आखूड धाग्याचा, पण या मातीला आणि पावसाच्या लहरीला पुरून उरणारा. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीत लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, तेव्हा त्यांनी वऱ्हाडकडे मोर्चा वळवला, आणि १८६७ पर्यंत मुंबईची रेल्वे इथून नागपूरला पोचली. परदेशी लांब धाग्याचं बियाणं इथं रुजवायचा खटाटोप इंग्रजांनी पुष्कळ केला आणि तो बहुतेक फसला. पण या दोन जातींचं नातं त्या सगळ्यांच्या कल्पनेपलीकडचं होतं. देशी कापसाच्या पेशीत २६ गुणसूत्रं असतात, अमेरिकन कापसाच्या पेशीत ५२. यातली निम्मी अमेरिकेतल्या एका रानटी कापसाची आहेत. उरलेली निम्मी आपल्या देशी कापसाच्या गोतावळ्यातली. दहा-वीस लाख वर्षांपूर्वी, माणूस नावाचा प्राणी शेती करायच्या कितीतरी आधी, जुन्या जगातल्या कापसाचं बी समुद्र ओलांडून तिकडे पोचलं आणि तिथल्या कापसाशी त्याचा संकर झाला. म्हणजे अमेरिकन कापूस वऱ्हाडात आला तेव्हा त्याचं अर्धं रक्त या बाजूचंच होतं. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं देशी कापसाच्या ‘एकेए’ वाणांवर काम चालू ठेवलं. कोरडवाहू कास्तकारासाठी त्याचं मोल फार आहे असं मला वाटतं.

दुपार कलली की अकोटच्या रस्त्यावर हवेत चतुर दिसू लागतात. एकदोन नव्हेत, थवेच्या थवे, पिवळट तांबूस, खाली न बसता वावरावर घिरट्या घालणारे. तारेवर बसलेला नीळकंठ मधूनच झेप घेतो, निळे पंख झळकतात आणि एखादा चतुर कमी होतो. लहानपणी आपण याच्या शेपटीला दोरा बांधायचो. त्याचं शास्त्रीय नाव पँटाला फ्लेव्हेसेन्स. पावसाळ्यात साचलेल्या डबक्यांत याची अंडी पडतात आणि सहा-सात आठवड्यांत, डबकं आटायच्या आत, पिल्लू पंख फुटून बाहेर येतं.

मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या सागरी जीवशास्त्रज्ञांना प्रश्न पडला होता: दर ऑक्टोबरात मालेमध्ये लाखो चतुर येतात कुठून? त्या बेटांवर त्यांनी अंडी घालावीत असं गोडं पाणीच जवळपास नाही. वर्षानुवर्षं तारखा टिपून २००९ साली त्यांनी मांडलं की हे चतुर भारतातून येतात, उंचावरच्या ईशान्य वाऱ्यावर स्वार होऊन, आणि मालदीव व सेशेल्समार्गे पूर्व आफ्रिकेत उतरतात. तिथं त्या वेळी पाऊस सुरू झालेला असतो. पुढच्या पिढ्या तिथं वाढतात आणि मोसमी पावसाबरोबर परत येतात. चार पिढ्यांत मिळून चौदा ते अठरा हजार किलोमीटर. नंतर मालदीवच्या चतुरांच्या पंखांतल्या हायड्रोजनची तपासणी झाली आणि ते उत्तर भारत किंवा त्याहूनही वरच्या प्रदेशात वाढलेले असल्याचं दिसलं. आपल्या पाठीशी असलेला जो वारा सायकलला जरा मदत करतो त्याच्याच भरवशावर अर्धा तोळाही वजन नसलेला हा जीव हिंदी महासागर पार करतो.

अकोट जवळ आलं की मुलूख बदलतो आणि तो बदल सायकलवर अगदी नेमका कळतो. आतापर्यंत नुसती कोरडवाहू शेतं होती, आता विहिरी दिसतात, मोटरपंपांचा आवाज येतो. संत्र्याच्या बागा, केळी, अंजनगावच्या बाजूला पानमळे. हवेत गारवा येतो. सातपुड्यातून सुटणारे नाले पायथ्याशी आपलं ओझं टाकतात: आधी गोटे, मग रेती. या जाडसर भरीत पाणी सहज मुरतं, वाहतं, ताजं राहतं आणि गोड राहतं. अकोटला भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी खाऊन झोपावं. रोडगे मिळाले तर नशीब.

दुसऱ्या दिवशी चोहट्टा बाजाराच्या वाटेवर बागा संपतात. विहिरी संपतात. आपण खारपाणपट्ट्यात परत आलेलो असतो. दर्यापूरकडून येतानाही यातूनच आलो, पण काल हे लक्षात आलं नव्हतं. अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांना साडेचार लाख हेक्टरांहून अधिक जमीन अशी आहे की खाली पाणी आहे आणि ते पिता येत नाही, पिकालाही देता येत नाही. दरीच्या मध्यावर गाळ बारीक चिकणमातीचा. त्यातून पाणी निचरून जात नाही. खडक कुजताना सुटलेले क्षार वाहून जायच्या ऐवजी साचत गेले. हे पाणी शेताला दिलं तर त्यातलं सोडियम मातीचे कण विस्कटून टाकतं, जमीन वरून बंद होते, पावसाचं पाणीही मुरेनासं होतं. म्हणून हा पट्टा काठोकाठ पाण्यावर बसूनही कोरडवाहू राहिला. पिण्याचं पाणी सातपुड्याच्या कुशीतल्या वान धरणातून नळानं आणावं लागतं. ‘८४ खेडी योजना’ हे नाव इथल्या लहान मुलालाही ठाऊक असतं. शेततळ्यात पावसाचं पाणी धरून ठेवणं हा त्यातल्या त्यात शहाणपणाचा उपाय, आणि अलीकडे रस्त्यावरून अशी तळी दिसतात याचा मला फार आनंद होतो.

रस्त्यापासून थोडं आत दहिहांडा आहे. या भागातल्या विहिरींच्या पाण्यापासून पूर्वी मीठ काढत असत. इंग्रजांनी ते बंद केलं. मग १९३० साल आलं. ६ एप्रिलला गांधीजींनी दांडीला समुद्रकाठी मीठ उचललं. वऱ्हाडला समुद्र कुठला? सगळ्यात जवळचा किनारा शेकडो किलोमीटर दूर. पण वऱ्हाडच्या सत्याग्रहींनी दहिहांड्याच्या खाऱ्या विहिरींचं पाणी उपसलं, आटवलं आणि कायदा मोडला. जे पाणी पिढ्यान्पिढ्या शाप म्हणून भोगलं, त्यातून त्यांनी मीठ काढलं. देशाच्या मध्यावर, समुद्राविना मिठाचा सत्याग्रह. शाळेच्या पुस्तकात दांडीच्या शेजारी दहिहांड्याचं नाव ठळक अक्षरांत असायला हवं.

पुढं गांधीग्रामला पूर्णा भेटते. श्रावणात शेवटच्या सोमवारी अकोल्याचे शिवभक्त इथून कावडीत पाणी भरतात आणि रात्रभर अनवाणी चालत राजराजेश्वराला नेतात. विहिरींना खारं पाणी असलेल्या मुलखात नदीचं पाणी खांद्यावरून देवाला न्यायचं, यात किती अर्थ आहे! शरदात नदी शांत असते, पात्र अर्धं उघडं, आणि दोन्ही काठांचे उभे कडे स्वच्छ दिसतात. आपण ज्या भरलेल्या दरीच्या तोंडावरून आलो तिचं पोट इथं कापून दाखवलेलं आहे. पिवळी माती, करडी माती, रेतीची पट्टी, चुनखडी, पुन्हा पिवळी. आणि पूर्णेच्या या गाळात भूवैज्ञानिकांना एक पाहुणा थर सापडला आहे: ज्वालामुखीची राख. दख्खनच्या लाव्ह्याशी तिचा संबंध नाही, तो कोट्यवधी वर्षं आधीचा. ही राख सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची असल्याचं अभ्यासक सांगतात. सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी तो फुटला, तीन हजार किलोमीटर अंतर कापून त्याची राख भारतावर बरसली, आणि या नदीनं तीही आपल्या हिशेबात जमा करून वर पुढचा गाळ चढवला. त्या दिवसांत इथं दगडी हत्यारं वापरणारी माणसं असतील तर त्यांनी भरदुपारी आकाशातून करडी धूळ पडताना पाहिली असेल.

गांधीग्रामहून अकोला दीड-दोन तासांवर आहे. निघणाऱ्यासाठी थोडी माहिती: कोजागरीनंतरचे चार-पाच आठवडे सगळ्यांत चांगले. उजाडायच्या आत निघावं, अकरा ते तीन सावलीत काढावे, कारण ऑक्टोबरचं ऊन वऱ्हाडात हलकं नसतं. पांदणीत बाभळीचे काटे असतात, तेव्हा पंक्चरचं सामान जवळ हवं. अंधार पडल्यावर आतल्या रस्त्यांवर रोही आणि रानडुकरं एकदम आडवी येतात, म्हणून दिवसाउजेडीच मुक्काम गाठावा. आणि अकोट सोडताना सगळ्या बाटल्या भरून घ्याव्यात.